दोरी कुणी कापायची

नातवाच्या पायातली दोरी आपणच कापायची, असं दोरोनबेकने मनाशी घेतलं तेव्हा त्याला पन्नास पावलंही धड पळता येत नव्हतं. चहाची वाटी हातात घेतली की अर्धा चहा गालिच्यावर सांडायचा. वय सत्तावन्न, पण गुडघे वडिलांकडून उसने आणल्यासारखे वागायचे.

इकडची रीत अशी की मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या घोट्यांना काळी-पांढरी लोकरीची दोरी सैल बांधतात आणि माळावर शर्यत लावतात. पोरांची एक, बायकांची एक, म्हाताऱ्यांची एक. कुठल्या शर्यतीतल्या पहिल्याच्या हातात सुरी द्यायची, ते मुलाच्या आईबापांनी ठरवायचं. जो दोरी कापेल त्याची चाल मुलाला लागते, असं सगळे मानतात. म्हणून तर शर्यतीच्या रेघेवर कोण उभं राहणार यावर घराघरांत वाद होतात, आणि दारुड्याला तिथे कुणी फिरकू देत नाही.

दोरोनबेकला हे चांगलं ठाऊक होतं, कारण तो एकदा फिरकला होता. त्याचा मुलगा उलान वर्षाचा झाला, तेव्हा शिट्टी वाजली, सगळे पुढे पळाले आणि दोरोनबेक झिंगलेल्या अंगाने बाजूला वळून थेट चुलीच्या राखेत जाऊन पडला. दोरी शेवटी कुणा पाहुण्याने कापली. उलानला ते आठवणं शक्यच नव्हतं, पण गावाने त्याला ती गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की त्याला ती डोळ्यांसमोर दिसायची.

खरं तर दोरोनबेकची जीभ सोन्याची. लग्न असो की बारसं, आशीर्वाद बोलायला तोच हवा. घोड्यावर बोलायला लागला तर घोड्याचे कान टवकारावेत आणि आईवर बोलायला लागला तर सावत्र आयासुद्धा रडाव्यात. पण एकेका आशीर्वादामागे एकेक पेला. लग्नं वाढली, पेले वाढले, आणि पुढे पुढे लग्न नसलं तरी पेला असायचाच. पेल्याशिवाय जीभ हलत नाही, असं तो म्हणायचा, आणि वाईट म्हणजे त्याला ते खरंच वाटायचं.

उपाय झाले नव्हते असं नाही. शहरातून एक माणूस यायचा, कपाळावर हात फिरवायचा आणि म्हणायचा, "बंदोबस्त झाला. आता प्यायलास तर मरशील." तीनदा हा बंदोबस्त झाला. पहिल्या वेळी दोरोनबेक चाळीस दिवस घाबरून राहिला, मग एका लग्नात राहवेना म्हणून प्यायला आणि मेला नाही. आपण जिवंत आहोत या आनंदात तो पुढचे चार दिवस पीतच राहिला.

यंदा मार्चमध्ये तो उलानला बर्फात पडलेला सापडला. उलानने त्याला घरी न आणता सरळ तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने दोन आठवडे ठेवून घेतलं, अंग ताळ्यावर आणलं आणि मग एक गोळी हातावर ठेवली.

"ही रोज सकाळी घ्यायची. ही पोटात असताना दारू गेली तर तोंड लाल होईल, छाती धडधडेल, ओकाल. मरण्याची धमकी मी देत नाही, पण मजा मात्र येणार नाही. आणि दर गुरुवारी जिपारकडे जायचं, बोलायला."

"बोलायला कशाला?"

"गोळी म्हणजे दाराची कडी," डॉक्टर म्हणाला. "घराच्या आत काय चाललंय ते कडीला कुठे कळतं?"

जिपार ही तिशीची मुलगी, जुन्या वाचनालयाच्या खोलीत बसायची. पहिल्या गुरुवारी दोरोनबेक टोपी मांडीवर ठेवून रुसल्यासारखा बसला.

"पोरी, गोळी घेतो ना मी, मग ही बडबड कशाला?"

"काका, गोळी तुम्हाला पेला उचलू देणार नाही. पण पेला नसला तर तो हात ठेवायचा कुठे, ते गोळी सांगत नाही."

"खिशात ठेवीन."

"ठेवा. आणि मला एक आशीर्वाद द्या. या चहावर."

दोरोनबेकने वाटी उचलली, तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या माणसाने हजार लग्नं बोलून काढली, त्याला एका मुलीसमोर चहावर एक वाक्य सुचेना. त्याला इतकी लाज वाटली की पुढच्या गुरुवारी जायचंच नाही असं त्याने ठरवलं. मग बायकोने, कालबुबूने, जोडे आणून पुढ्यात ठेवले. बोलली काही नाही. ती बोलली नाही की दोरोनबेक जास्त घाबरतो.

तीन गुरुवार असेच गेले. चौथ्या गुरुवारी तो म्हणाला, "तुझ्या दारात येणाऱ्या माणसाला परत जाताना त्याचं नाव आठवू दे." बस, एवढंच. जिपारने मान खाली घालून बराच वेळ कागद नीट केले. दोरोनबेक घरी येईपर्यंत रस्ताभर मेंढ्यांना, खांबांना आणि एका पोलिसाला आशीर्वाद देत आला.

गोळीचं खातं कालबुबूकडे होतं. रोज सकाळी ती गोळी चमच्यात घालून द्यायची आणि हवालदारासारखी म्हणायची, "जीभ दाखव." तो दाखवायचा. "वर कर." तो वर करायचा. "तीस वर्षं याच जिभेने फसवलंय मला," ती म्हणायची आणि मग त्याच्या चहात जास्तीचं लोणी टाकायची.

मे महिन्यात घरदार जनावरांसह डोंगरावरच्या कुरणात, यर्टमध्ये म्हणजे लोकरीच्या गोल तंबूंत, राहायला गेलं. तिथे एका संध्याकाळी सून बेगाइम दूध काढून आली आणि बादली खाली न ठेवताच म्हणाली, "बाबा, मला गोड बोलता येत नाही, सरळ सांगते. जूनअखेरीला तिलेकची दोरी कापायची. सुरी म्हाताऱ्यांच्या शर्यतीला द्यायची असं मी आणि यांनी ठरवलंय. तोवर तुम्ही थेंबभरही घेतली नाहीत, तर रेघेवर तुम्ही उभे राहायचं. घेतलीत, तर यर्टच्या आत बसायचं. माझ्या मुलाला कुणाची चाल लागते, त्याची मला भीती वाटते."

"वाटायलाच हवी," दोरोनबेक म्हणाला.

तिने स्वतःच्या माहेरची छोटी सुरी त्याच्याकडे धार लावायला दिली. तो रोज तिला धार लावायचा. आणखी आठ दिवस लावली असती तर सुरीच उरली नसती. पहाटे तो मेंढ्यांच्या वाटेने पळायचा. धाकटा भाऊ आसनकुल शेजारच्या यर्टमधून ओरडायचा, "अरे, लांडगा लागलाय की काय मागे?" पण पन्नास पावलांची शंभर झाली, शंभराची तीनशे झाली. वाटीतला चहा वाटीत राहू लागला. गुरुवारी तो घोड्यावरून टेकडीवर जायचा, कारण फोन फक्त तिथेच लागायचा, तोही रिकिबीत उभं राहिलं तर. असा उभ्या उभ्या तो जिपारशी तासभर बोलायचा आणि घोडा बिचारा तासभर ऐकायचा.

समारंभाला आठ दिवस उरले असताना वर्षाचं पहिलं किमिझ तयार झालं. घोडीचं दूध चामड्याच्या पिशवीत आंबवायचं, हजारदा घुसळायचं, की ते आंबट, फसफसतं किमिझ होतं. पहिली वाटी घरातल्या वडीलधाऱ्याची. त्याने आशीर्वाद द्यायचा आणि वाटी तळापर्यंत रिकामी करायची, थेंब ठेवला तर घोड्या आटतात म्हणतात. बेगाइमने काठोकाठ वाटी भरून दोन्ही हातांनी पुढे केली. दोरोनबेकने घोड्यांना, गवताला, सुनेच्या मनगटांना असा काही आशीर्वाद दिला की बेगाइम लाजली. मग त्याने वाटी एका दमात रिकामी केली.

पाव तासाने त्याच्या कानांतून वाफा निघाव्यात तसं झालं. तोंड बिटासारखं लाल झालं, छातीत घोडे उधळले, आणि तो यर्टमागे जाऊन ओकला. तोंड पुसत वळला तर समोर बेगाइम, कडेवर तिलेक. डॉक्टरने घरच्यांना सांगितलेलं तिला अक्षरन्‌ अक्षर पाठ होतं. लाल तोंड, धडधड, ओकारी. ती आत गेली आणि खुंटीवरची सुरी काढून तिने आपल्या पेटीत ठेवली.

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि या घराचं तोंड तर तीस वर्षं पोळलेलं. दोरोनबेक बाहेर गवतावर बसून राहिला. त्याला सगळ्यात जास्त राग आला तो गोळीचा. प्यायचं नाही म्हटलं तर प्यायलो नाही, तरी ही बया अंगावर येते. पूर्वीचा दोरोनबेक असता तर म्हणाला असता, आळ आलाच आहे तर निदान पिऊन तरी घ्यावं. तो विचार आलाही. बराच वेळ शेजारी बसलाही. पण जिपारने एक गोष्ट त्याच्याकडून वीस वेळा वदवून घेतली होती, 'आधी फोन, मग बाकीचं.' त्याने घोड्यावर खोगीर चढवलं.

"काका, काय घेतलंत?" टेकडीवर रिकिबीत उभ्या असलेल्या दोरोनबेकला जिपारने विचारलं.

"काही नाही. तिलेकची शपथ."

"खोकल्याचं औषध? अत्तर? व्हिनेगर?"

"नाही, नाही, नाही."

"सकाळपासून पोटात काय काय गेलं, एकेक सांगा."

"गोळी. चहा, लोणी, भाकरी. रात्रीचं मटण. मग किमिझची वाटी. मग..."

पलीकडे एकदम शांत झालं. इतकं शांत, की फोन कट झाला समजून दोरोनबेक रिकिबीत आणखी उंच झाला.

"काका," जिपार हळू म्हणाली, "किमिझ आंबवलेलं असतं. त्यात थोडी का होईना, दारू असते."

"किमिझमध्ये? ते तर आपण बाळंतिणीला देतो."

"काय टाळायचं त्याची मी यादी केली होती. व्होडका, बिअर, वाइन, केकसुद्धा लिहिला होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा. काका, मी स्वतः आज सकाळी दोन वाट्या पिऊन आलेय." ती आधी रडवेल्या आवाजात माफी मागत होती आणि मग तिला हसू आवरेना. दोरोनबेकला आधी राग आला, मग तोही हसायला लागला, आणि घोड्याने दोघांना कंटाळून खाली मान घातली. हसून झाल्यावर तिने डॉक्टरलाही फोनवर घेतलं. डॉक्टरने नाडी मोजून घेतली, धडधड कमी झाली का विचारलं, पाणी पिऊन पडून राहा म्हणाला, आणि किमिझ बंद, असं निक्षून सांगितलं.

"मी सुनेला फोन करू का?" जिपारने विचारलं. "तुम्ही हो म्हणालात तरच."

"नको," दोरोनबेक म्हणाला. "तिला माझ्या तोंडून ऐकू दे. तोंड अजून लाल आहे तोवर."

तो यर्टमध्ये शिरला तेव्हा बेगाइम घुसळत होती, कालबुबू पीठ मळत होती आणि उलान काहीच न करता बसला होता.

"मी प्यायलो, सूनबाई," दोरोनबेक म्हणाला.

घुसळण थांबली. कालबुबूने पिठातले हात वर काढले. "हे वाक्य," ती म्हणाली, "या माणसाच्या तोंडून मी जन्मात ऐकलेलं नाही. गटारात आडवा असायचा आणि म्हणायचा, मी थेंबही घेतला नाही."

"काय प्यायलात?" बेगाइमने विचारलं.

"किमिझ. काठोकाठ वाटी. तूच भरून दिलीस. त्यात दारू असते म्हणे, गोळीला ती चालत नाही. मला ठाऊक नव्हतं, जिपारच्या ध्यानात आलं नाही. ऐकायला हे जगातलं सगळ्यात फुसकं निमित्त वाटतं, ते मला कळतंय. त्याहून चांगली निमित्तं मी आजवर शंभर दिली आहेत."

बेगाइमने हातातल्या रवीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, मग सासऱ्याच्या लाल तोंडाकडे पाहिलं. "म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "मीच पाजली." आणि ती खाली बसली आणि डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसत हसायला लागली. उलान उठून बाहेर गेला. बराच वेळ तो घोड्याची मान थोपटत उभा होता, घोड्याला ते नको होतं तरी.

रात्रीचं जेवण झालं तेव्हा सुरी पुन्हा खुंटीवर होती.

पण खरी पंचाईत पुढेच होती. नातवाच्या समारंभात आजोबा किमिझला नाही म्हणाला तर शंभर पाहुण्यांचा अपमान. आसनकुल सल्ला द्यायला आला. त्याचे सल्ले नेहमी फुकट असतात आणि तेवढ्याच किमतीचे.

"आठ दिवस गोळी सोड. किमिझ ते काय, आईचं दूध. समारंभ झाला की घे पुन्हा."

दोरोनबेकला मोह झाला नाही असं सांगणं खोटं ठरेल. वर्षाचं पहिलं किमिझ जिभेवर अजून होतं. पण त्याला डॉक्टरची ती दाराची कडी आठवली. आठ दिवस दार उघडं ठेवलं तर एकटं किमिझच आत येईल, असं कुणी सांगितलंय?

बेगाइमने दुसरी युक्ती काढली. "बाबा, मी तुमच्या वाटीत घोडीचं निरसं दूध घालीन. न आंबवलेलं. रंग तोच. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"दूध दे," दोरोनबेक म्हणाला. "पण लपवून नको. जन्मभर चोरून प्यायलो, सूनबाई. आता न पिणंसुद्धा चोरूनच करू का?"

समारंभाच्या दिवशी माळावर घोडेच घोडे. कढईत बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळले जात होते, पोरं गरम गरमच पळवत होती. डॉक्टरला सुट्टी मिळाली नाही, पण जिपार आली होती आणि बायकांमध्ये बसून किमिझला हात न लावता चहा पीत होती. आशीर्वादाची वेळ झाली. दोरोनबेक वाटी घेऊन उभा राहिला.

"मंडळी, या वाटीत किमिझ नाही," तो म्हणाला. "निरसं दूध आहे. मी दारू सोडण्याची गोळी घेतो, रोज सकाळी, बायको जीभ तपासते. गुरुवारी एका मुलीशी बोलतो, ती मन तपासते. या दोघींपुढे किमिझचं काही चालत नाही. कुणाला अपमान वाटला असेल तर माझ्यावर रागवा, माझ्या सुनेच्या किमिझवर नको. ते फार चांगलं झालंय, एक वाटी माझ्या अंगात गेली होती, मला ठाऊक आहे."

मग मागून कुठूनतरी एक दाढीवाला हळूच म्हणाला, "बेगाइम, मलाही दूधच दे गं," आणि त्याच्या बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की लग्नात पाहिलं नसेल. लोक हसले. आणि मग दोरोनबेक बोलला. तिलेकच्या पायांना बोलला, वाटांना बोलला, पडल्यावर उचलणाऱ्यांना बोलला. असा आशीर्वाद त्या कुरणात कुणी ऐकला नव्हता, आणि सगळा दुधावर.

शर्यतीला सात म्हातारे उभे राहिले. सहांच्या पोटात सकाळपासून पाच-पाच वाट्या किमिझ. उलानने शिट्टी वाजवली. दोरोनबेकने डावीउजवीकडे पाहिलं नाही, समोर पाहिलं, जिथे घोंगडीवर तिलेक दोरी ओढत बसला होता. मागून डबक, डबक असे आवाज येत होते. आसनकुल अर्ध्या वाटेत पोट धरून उभा राहिला आणि म्हणाला, "थांबा, सगळं घुसळलं जातंय." दोरोनबेक कधी पोचला ते त्याचं त्याला कळलं नाही. उलानने त्याला धरलं तेव्हा तो थांबला. वडिलांना धरून ठेवायची उलानला सवय होती, पण असं धावून आलेल्याला धरण्याची ही पहिलीच वेळ. त्याने लवकर सोडलं नाही.

बेगाइमने सुरी दिली. काळी-पांढरी दोरी एका झटक्यात सुटली, धार तर तशी लागलीच होती. तिलेक उभा राहिला. एक पाऊल टाकलं, डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, झोकांडी खाऊन बुडावर बसला.

"लागली रे लागली, आजोबाची चाल," आसनकुल लांबून ओरडला आणि लगेच त्याने जीभ चावली. कालबुबूने डोळे मिटले.

दोरोनबेक मोठ्याने हसला. एकटाच हसत राहिला, मग गुडघ्यांवर बसून त्याने नातवापुढे दोन बोटं धरली. "ती माझी जुनी चाल," तो म्हणाला. "ती सगळ्यांनी पाहिलीय. ऊठ, राजा, आता नवी दाखव."

तिलेकने बोटं धरली, उठला, बोटं सोडली आणि चार पावलं सरळ आईकडे गेला. बेगाइमने त्याला उचलून घेतलं. मग सगळ्यांसमोर, जिथे सुनेने सासऱ्याकडे वर मान करून पाहायची रीत नाही तिथे, तिने मान वर केली.

"लागू दे, बाबा," ती म्हणाली. "हीच लागू दे."